कोळशाच्या इंजिनाची जुनी रिळं: आधी वेग, मग आवाज, रंगाचं सगळ्यात शेवटी बघू

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी लिहितो. आजोबांच्या पेटीत आठ एमएमची रिळं निघाली, सगळी वाफेच्या इंजिनांची. एका दुकानातून ती डिजिटल करून आणलीत तर गाडी भलतीच सुसाट पळतेय, आवाज अजिबात नाही, आणि टायटलवालं जे एक रीळ आहे ते पार लाल पडलंय. आता ॲपमधून ६० फ्रेमचं (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं) करून, रंग सुधारून, नेटवरचा एखादा इंजिनाचा आवाज खाली टाकला तर "जुना फील" येईल का, आणि फाइल आहेच तर मूळ रिळं टाकली तर चालतील का, असं विचारलंय.

टाकू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मी रिळं साफ करणं, स्कॅन करणं आणि मुक्या फिल्मला आवाज बसवणं हेच काम करतो आणि त्यात रेल्वेची रिळं बरीच येतात, कारण रेल्वेवेड्या माणसाच्या हातात कॅमेरा आला की तो दुसरं काही शूटच करत नाही. जवळजवळ प्रत्येकाची तक्रार तुमच्यासारखीच असते की "बघताना काहीतरी हरवल्यासारखं वाटतं". मग लोक ते हरवलेलं रंगात शोधतात, फिल्टरमध्ये शोधतात, मुद्दाम ओरखडे टाकतात (हे का करतात मला आजवर कळलेलं नाही, रिळावर फुकटचे ओरखडे असतातच की). माझ्या मते हरवलेलं असतं ते वजन. शंभर-दीडशे टनाचं धूड जागचं हलताना जो वेळ घेतं तो वेळच तुमच्या फाइलमधून गेलाय, म्हणून इंजिन खेळण्यातलं वाटतंय. तो वेळ परत आणता येतो, त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.

वेग का बिघडला ते बघा. साधी आठ एमएम फिल्म, म्हणजे कोडॅकने १९३२ साली आणलेली, ती सहसा सेकंदाला १६ फ्रेमने शूट व्हायची. १९६५ ला सुपर एट आली, तिचा नेहमीचा वेग १८. तुमच्याकडे यातली कुठली आहे ते पट्टीच्या भोकांवरून कळतं: साध्या आठमध्ये भोकं मोठी आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेवर, सुपर एटमध्ये भोकं लहान आणि फ्रेमच्या मध्यावर. दुकानवाल्याने बहुतेक प्रत्येक फ्रेम स्कॅन केली आणि फाइल सरळ २५ च्या वेगाने काढून दिली, त्यामुळे सगळं दीडपटीच्या आसपास जोरात पळतंय. हे सोपं प्रकरण आहे, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा फ्रेमरेट १६ किंवा १८ करा, झालं. फक्त त्याआधी एकेक फ्रेम पुढे नेऊन बघा, जर मध्ये मध्ये दोन चित्रं एकमेकांत मिसळलेली भुतासारखी फ्रेम दिसली तर त्याने आधीच घोळ घातलाय आणि मग परत स्कॅन करण्याला पर्याय नाही.

आता १६ की १८ की आणखी काही, हे मात्र परिस्थितीवर आहे. चावीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर वेग बदलायची चकती असायची, कोणी फिल्म वाचवायला कमी ठेवायचा, कोणी रुबाबदार दिसावं म्हणून २४ वर ठेवायचा. त्याहून जुन्या, हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात तर ऑपरेटरचा हात जसा फिरेल तसा वेग. ल्युमिए बंधूंची स्टेशनात शिरणाऱ्या गाडीची ती पन्नासेक सेकंदांची फिल्म, १८९६ साली लोकांना दाखवलेली, तिच्याबद्दलही "अमुकच वेग खरा" असं छातीठोक सांगता येत नाही. आणि १९२० च्या दशकातल्या कॉमेडीवाल्यांनी पाठलाग मुद्दाम कमी फ्रेमने शूट केलेत, तिथे गाडी पळाली तर ती त्यांनाच तशी हवी होती. घरगुती रिळात हा प्रश्न सहसा नसतो.

मी काय करतो, तर फिल्ममध्येच एखादं घड्याळ शोधतो. प्लॅटफॉर्मवर चालणारी माणसं हे एक, निवांत चालणारा माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. पण माणसं घाईत असू शकतात, पाणी घाईत नसतं. इंजिन पाणी घेत असतानाचा शॉट असेल तर टेंडर (इंजिनामागची पाणी-कोळशाची गाडी) भरून वाहायला लागतं तो क्षण पकडा. पाण्याची पहिली धार वरून सुटल्यापासून खाली रुळापर्यंत यायला किती फ्रेम लागल्या ते मोजा. उंची तीन मीटरच्या आसपास धरली तर पडायला पाऊण सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो, म्हणजे १६ च्या वेगाला बारा-तेरा फ्रेम, १८ ला चौदा, २४ ला एकोणीस. अंदाजच आहे हा, पण १६ आणि २४ मधला फरक ओळखायला पुरतो.

मग रॉड बघायचा. चाकांना एकमेकांशी जोडणारा जो आडवा लोखंडी दांडा असतो तो. तो अगदी खाली असताना फ्रेम थांबवा आणि परत खाली येईपर्यंत फ्रेम मोजा. समजा सात आल्या आणि चाक दीड मीटर व्यासाचं आहे, मालगाडीच्या इंजिनाला साधारण तेवढंच असतं. एका फेऱ्यात इंजिन ४.७ मीटर पुढे जातं, १६ च्या वेगाने हिशोब केला तर ताशी ३९ किलोमीटर, आणि दुकानाच्या २५ च्या फाइलमध्ये हेच ६० च्या वर. चढावर भरलेली मालगाडी ओढताना ६०? नाही पटत. असं दोन-तीन शॉटवर केलं की आकडा आपोआप एका जागी येऊन बसतो.

एक सावधगिरी, चाकाच्या आऱ्या बघून वेग ठरवायला जाऊ नका. सोळा आऱ्यांचं चाक सेकंदाला एक फेरा घेत असेल तर १६ च्या फिल्मवर प्रत्येक फ्रेमला बरोब्बर एक आरी पुढे सरकते आणि चाक थांबल्यासारखं दिसतं, गाडी मात्र ताशी १७ ने चाललेली असते. जरा कमी वेगात तर उलटं फिरताना दिसतं. लोक मला "स्कॅन बिघडलंय, चाक उलटं फिरतंय" म्हणून फाइल परत पाठवतात. स्कॅन ठीक असतं, डोळा फसतो. रॉडवर नजर ठेवली की फसगत होत नाही, कारण तो एका फेऱ्यात एकदाच खाली येतो.

इथेच तुमच्या ६० फ्रेमच्या ॲपचं उत्तर आलं. १६ फ्रेमच्या रिळाचे ६० केले तर सेकंदातल्या किमान ४४ फ्रेम ॲपने मनानेच काढलेल्या असणार. आकाश, झाडं, लांबचे डबे यात ते खपून जातं. पण वर सांगितलेल्या सात फ्रेमच्या शॉटमध्ये रॉड दर फ्रेमला पन्नासेक अंशांनी उडी मारतो, आणि ॲपला चाक गोल फिरतं हे माहीत नसतं, त्याला फक्त एक काळी रेघ इथून तिथे गेलेली दिसते. मग ते रेघ सरळ मधून ओढतं. एकेक फ्रेम थांबवून बघा, रॉड मध्येच वितळतो, वाकतो, कधी दोन होतात, कधी चाकाच्या आतून आरपार जातो. ज्याने आयुष्यात इंजिन पाहिलेलं नाही त्याला चालेल, पण ज्याच्यासाठी तुम्ही हे करताय त्या माणसाची नजर पहिली तिथेच जाते. मी तर हे करूच नका म्हणेन. १६ ची फाइल १६ लाच चालवा, आजकालचे प्लेअर चालवतात. टीव्हीसाठी २४ ची हवीच असेल तर दर दोन फ्रेममधली एक दोनदा दाखवा, जरा धक्का जाणवतो पण खोटं काही घुसत नाही.

तर इथपर्यंत: भोकं बघून प्रकार ओळखा, फाइलचा वेग खाली आणा, पाणी आणि रॉड वापरून तपासा, आणि नवीन फ्रेम बनवू नका. एवढं केलंत तरी आवाजाशिवायसुद्धा इंजिन जड वाटायला लागेल.

आता आवाज, माझा आवडता भाग. आवाज टाकू नये असं माझं म्हणणं नाही. घरगुती रिळं मुकीच होती, आवाजाची सुपर एट कार्ट्रिज १९७३ ला आली, तोवर बऱ्याच देशांतली वाफ संपत आली होती. आणि मोठ्या व्यावसायिक फिल्ममध्येसुद्धा सगळं जागेवरचं नसायचं. ब्रिटनच्या पोस्टाच्या फिल्म युनिटने १९३६ साली केलेली रात्रीच्या टपालगाडीची जी प्रसिद्ध डॉक्युमेंटरी आहे, तिच्यातला पत्रं निवडून लावायचा डबा स्टुडिओतला सेट होता आणि कर्मचाऱ्यांना गाडी हलतेय असं दाखवायला डुलायला सांगितलं होतं. तेव्हा "नंतर टाकलेला आवाज म्हणजे खोटेपणा" असं मी मानत नाही. पण चित्राशी न जुळणारा आवाज कानाला लगेच टोचतो, का टोचतोय ते सांगता आलं नाही तरी.

नेहमीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके असतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये वाफ पिस्टनच्या दोन्ही बाजूंनी काम करते, आणि दोन्हीकडचे क्रँक (रॉड चाकाला जिथे जोडतो ते खुंट) एकमेकांशी काटकोनात बसवलेले, कारण एक बाजू टोकाला अडकली तर दुसरीने ओढावं. वापरलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते तो ठोका. म्हणजे रॉड एकदा खाली येऊन परत खाली येईपर्यंत चार वेळा "भक्" झालं पाहिजे. तुम्ही नेटवरचा कुठलाही आवाज टाकला तर फेऱ्याला अडीच ठोके नाहीतर सहा ठोके असं काहीतरी होणार.

सगळीकडे चारच असंही नाही हां. तीन सिलिंडरवाल्यांना सहसा सहा ठोके, आणि तिसरा सिलिंडर मध्ये लपलेला, बाहेरून दिसतच नाही. मॅलार्ड, जिने ३ जुलै १९३८ ला ताशी २०३ किलोमीटर गाठून वाफेचा विक्रम केला, ती या जातीतली. अमेरिकेतल्या बिग बॉयसारख्या ४-८-८-४ इंजिनाखाली चाकांचे दोन वेगळे संच असतात, दोघांचे ठोके कधी एकावर एक पडतात, कधी सरकत सरकत वेगळे होतात, तो आवाज हाताने बनवायचा म्हणजे डोकेदुखी. त्यातलं ४०१४ नंबरचं इंजिन २०१९ पासून परत धावतंय, त्याची चांगली रेकॉर्डिंग मिळतात ही त्यातल्या त्यात सोय. लाकूडवाल्यांच्या जंगलातली शे जातीची गिअरवाली इंजिनं बैलगाडीच्या वेगाने जातात आणि आवाज मेलगाडीचा करतात. म्हणून आधी चाकं मोजून इंजिन कुठल्या जातीचं ते ठरवा: पुढची छोटी, मधली मोठी, मागची छोटी. ४-६-२ म्हणजे पॅसिफिक, २-८-२ म्हणजे मिकाडो, वगैरे.

ठोके मोजून टाकले तरी एक गोष्ट राहते, इंजिन प्रत्येक वेळी भकभकत नसतं. उतारावर किंवा स्टेशनात येताना ड्रायव्हर वाफ बंद करतो, तेव्हा धुराड्यातून उसळी येत नाही, नुसता पातळ धूर मागे लोळतो. तिथे ठोका टाकायचा नाही, फक्त रॉडची खणखण आणि रुळांच्या सांध्यांचा आवाज. सुटताना याच्या उलट. तुमच्याकडे गाडी सुटतानाचा शॉट असेल तर तो नीट बघा: आधी सिलिंडरच्या खालून दोन्हीकडे पांढऱ्या वाफेचे फवारे, आत साचलेलं पाणी काढायला, नाहीतर ते पाणी पिस्टनपुढे अडकून सिलिंडरचं झाकण फोडेल. मग धुराड्यातून एक जाड गोळा, मग मध्ये चांगली मोकळी जागा, मग दुसरा. मध्येच रॉड चार-पाच फेरे गरागरा फिरतो आणि गाडी तिथेच, म्हणजे चाकं घसरली. ड्रायव्हर वाफ कमी करतो, पुन्हा सुरुवात. लोक ही घसरण "चूक" समजून कापतात! अहो तोच तर शॉट आहे. तिथे ठोक्यांची एकदम माळ फुटते आणि परत एकेक ठोका, हे बसलं की माझ्याही अंगावर काटा येतो.

शिट्टीचं अंतर सांभाळा. शिट्टीजवळ पांढरी वाफ दिसली की लोक त्याच फ्रेमला आवाज लावतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. इंजिन १७० मीटर लांब असेल तर शिट्टी अर्धा सेकंद उशिरा यायला हवी, १६ च्या फिल्मवर आठ फ्रेम. एवढ्याने लांबचं इंजिन खरोखर लांब जातं. आणि शिट्टी त्या देशाची घ्या, अमेरिकन इंजिनाची कितीतरी सुरांची भरदार शिट्टी इंग्लिश इंजिनावर लावली तर जाणकार हसतात.

आवाज आणायचा कुठून? ज्यांनी वाफ संपताना मुद्दाम टेपरेकॉर्डर घेऊन आवाज साठवले अशी माणसं होऊन गेली. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंकने १९५५ ते १९६० नॉरफोक अँड वेस्टर्नची इंजिनं रात्री फ्लॅश लावून टिपली आणि सोबत आवाजही भरले, इंग्लंडात पीटर हँडफर्डने तेच केलं, तो सिनेमाचा ध्वनिमुद्रक होता, पुढे ऑस्करही मिळालं त्याला. नुसतं ऐकून कान तयार करायला यासारखं दुसरं काही नाही. पण या रेकॉर्डिंगवर हक्क आहेत, घरात बघायला वापरा, फिल्म जाहीर टाकणार असाल तर आजही चालणाऱ्या संग्रहालयाच्या गाडीवर जाऊन स्वतः रेकॉर्ड करा किंवा परवानगी घ्या. आणि फाइलच्या सुरुवातीला "आवाज नंतर जोडला आहे" एवढी ओळ घाला. पुढच्या पिढीला हे खरंच कळत नाही.

रंग. तुमच्या प्रश्नात तुम्ही लाल पडलेल्या टायटलवाल्या रिळाबद्दल सगळ्यात जास्त हळहळलात, आणि मला ते सगळ्यात कमी महत्त्वाचं वाटतं. टायटल आहेत, रंग लाल झालाय, म्हणजे ते बहुधा आजोबांनी विकत घेतलेलं छापील रीळ आहे. तसल्या प्रिंटमधले निळे-हिरवे रंग उडतात आणि लाल-गुलाबी तेवढा उरतो. त्याच्या अनेक प्रती निघालेल्या असतात, कुठल्यातरी संग्रहात बरी प्रत असण्याची शक्यता चांगली, शिवाय त्याचे हक्क दुसऱ्या कोणाचे. उलट ती हलती, विनाटायटलची, रंग अजून ठीक असलेली रिळं ही आजोबांनी स्वतः काढलेली, कॅमेऱ्यातून निघालेली एकमेव प्रत, आणि रंग एवढे टिकलेत म्हणजे कोडाक्रोम (कोडॅकची रंग टिकवणारी फिल्म) असायची शक्यता. जगात दुसरी प्रत नाही. वेळ आणि पैसा त्यांच्यावर घाला.

त्यांचं साल काढायचं असेल तर पट्टीची कड भिंगातून बघा. कोडॅकच्या फिल्मवर गोल, चौकोन, त्रिकोण अशी बारीक चिन्हं असतात, ती फिल्म बनल्याचं साल सांगतात, मात्र हाच क्रम दर वीस वर्षांनी परत येतो. म्हणजे १९४६ का १९६६ हा प्रश्न राहतो, तो चित्र सोडवतं. कोपऱ्यात डिझेल उभं आहे का, इंजिन किती मळकं आहे. ब्रिटनमधली शेवटच्या वर्षांतली इंजिनं पुसायचीसुद्धा बंद झाली होती, नावाच्या पाट्या काढलेल्या, आणि ऑगस्ट १९६८ ला मेनलाइनवरची वाफ संपलीच. असा मळ रंग सुधारताना धुऊन काढू नका, तो पुरावा आहे. काळ्याकुट्ट धुराचंही तसंच, चांगला फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) तेवढा धूर करत नाही, तो कोळसा नीट न जळल्याचा असतो. फोटोवाल्यांसाठी मुद्दाम केलेला असतो बऱ्याचदा, तेव्हा असा धूर दिसला की कोणी सांगून काढायला लावलाय का हेही मनात येऊ द्या. चित्र डावं-उजवं उलटं तर स्कॅन झालं नाही ना तेही कॅबवरच्या (ड्रायव्हरच्या खोलीवरच्या) नंबरवरून बघा. नंबर दिसत नसेल आणि इंजिन शे जातीचं असेल तर सिलिंडर इंजिनाच्या उजव्या अंगाला हवेत.

रिळं ठेवायची कशी ते पटकन सांगतो. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर फिल्मचा पाया कुजायला लागलाय, ते थांबत नाही, फक्त गारव्यात हळू होतं, अशी रिळं बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. जुन्या प्रोजेक्टरवर चालवून बघायचा मोह टाळा, पट्टी आकसलेली असली तर त्याचे दात भोकं फाडतात. जळून जाणाऱ्या नायट्रेट फिल्मची भीती आठ एमएमला नाही, ती ३५ एमएमची गोष्ट, तसं एखादं रीळ पेटीत निघालंच तर ते गरम जागी ठेवू नका आणि सरळ फिल्म संग्रहालयाशी बोला.

नव्याने स्कॅन करणार असाल तर चार गोष्टी मागा: दात नसलेला स्कॅनर, एकेक फ्रेम वेगळी, भोकं आणि कड दिसेल इतकं मोकळं चित्र, आणि रंग-धारदारपणा काहीही न सुधारलेली मोठी फाइल. आठ एमएमला टूके (साधारण दोन हजार ठिपके रुंदीचं चित्र) पुरतं, फोरकेला पैसे घालवू नका. ती फाइल बाजूला ठेवा आणि सगळे प्रयोग कॉपीवर करा. वासाचं रीळ असेल तर ते आधी पाठवा, मग आजोबांनी काढलेली. लाल रीळ राहिलं तर राहू दे.